वाळूतल्या गावातली किटली

चाळिशीनंतर माणसाने नवा छंद लावून घेऊ नये. मी घेतला. मेटल डिटेक्टर आणला आणि जाहीर केलं, "वाळवंटात जुनी नाणी सापडतात!" (कुठे वाचलं, हे बायकोने, म्हणजे मेधाने, विचारलं होतं. मी विषय बदलला.)

आम्ही राहतो त्या शारजापासून तासाभरावर लोक सोडून गेलेलं एक गाव आहे. उघडी दारं, रिकामी घरं, खोल्यांमधून खिडकीपर्यंत चढलेली वाळू. आम्ही गेलो ती थंडीतली सकाळ होती आणि धुकं असं, की स्वतःचाच हात लांब केला तर तो कुणाचा, असा प्रश्न पडावा.

"बाबा, धिस इज सो क्रीपी," आमची इरा म्हणाली.

"वैज्ञानिक दृष्टिकोन ठेव!" मी म्हणालो. आवाज चिरकला, पण तो थंडीमुळे.

शेवटच्या घरात डिटेक्टर किंचाळला. त्याच क्षणी शेजारच्या खोलीचं दार करकरलं.

"वारा आहे," मी म्हणालो.

"वारा आहे कुठे?" मेधा कुजबुजली.

मी गुडघे टेकून उकरायला लागलो. आधी एक वाकडी चोच वर आली. मग पितळी पोट. जुनी अरबी कॉफीची किटली! ती उपसणार, एवढ्यात मागून घोगरा आवाज आला, "ये हमारा माँ का है."

वळून पाहिलं. दारात एक पांढरी आकृती. गुडघ्यांखाली नुसतं धुकं. पाय नाहीत!

पुढे मी काय केलं, याबद्दल घरात दोन मतं आहेत. माझ्या मते मी मदत आणायला गेलो. मेधाच्या मते मी खिडकीतून उडी मारली, गाडीत बसून दारं आतून लॉक केली आणि बायको-मुलीला भुताच्या स्वाधीन केलं.

रामरक्षा सुरू केली. पहिल्या ओळीपुढे आठवेना, म्हणून तीच घोळवत राहिलो. तेवढ्यात धुक्यातून पांढऱ्या बाहीचा हात आला आणि काचेवर टकटक! मी हॉर्नवरच कोसळलो.

"अरे, उघड की! आम्हीच आहोत!" मेधा ओरडली.

तिच्या शेजारी कंदुरा, म्हणजे अरबांचा पांढरा पायघोळ झगा, घातलेले एक अरब आजोबा होते. (पाय होते. वहाणासुद्धा होत्या.) ते त्याच घरात वाढलेले. गाव सोडताना किटली मागे राहिली आणि आई शेवटपर्यंत तिची आठवण काढायची. म्हणून ते अधूनमधून येऊन त्या शेजारच्या खोलीत नुसते बसायचे. आता किटली छातीशी धरून ते ढसाढसा रडत होते. मलाही भरून आलं. (काच मात्र मी अर्धीच खाली केली.)

जाताना डिटेक्टरकडे बोट करून त्यांनी हलकेच बजावलं, "हबीबी, इधर खोदना मना है. पुलिस आएगा. मशीन खलास."

परतीच्या वाटेवर मेधाला हसू आवरेना.

"काय झालं?"

"आजोबा मला विचारत होते, 'मॅडम, आपका ड्रायव्हर नया है? बहुत डरता है.'"

"मग सांगितलंस ना, मी कोण ते?"

"म्हटलं, हो चाचा, अजून प्रोबेशनवर आहे."

कन्फर्मेशन अद्याप आलेलं नाही!