मधलं बोलणं

आमच्या दुकानात ‘मारली’ हा शब्द चांगला होता आणि ‘जळली’ हा वाईट. सीडी नीट भरली गेली की ती मारली, बिघडली की जळली. सॉफ्टवेअरच्या चित्रावर ज्वाळा होती, इंग्रजीत त्या कामाला जाळणंच म्हणत. पण चांगल्या झालेल्या कामाला कोल्हापुरात कुणी जळलं म्हणेल होय?

मुरगूडचे गुरुजी पहिल्यांदा आले, तेव्हा याच शब्दानं घोळ घातला. त्यांनी आपल्या वडिलांच्या गाण्यांची एकुलती एक कॅसेट माझ्या टेबलावर ठेवली, आणि त्याच वेळी दुसऱ्या गिऱ्हाइकाची सीडी ऐंशी टक्क्यांवर अडकून बिघडली. मी आत तोंड करून ओरडले, “अब्बा, जळली!” गुरुजींचा चेहरा पांढराफटक पडला. कॅसेट समोर दिसत असूनही त्यांनी ती हातानं चाचपून बघितली.

“न्हाय वो पावणं,” अब्बा हसत बाहेर आले, “हिची तबकडी जळली. रोज दोन-चार जाळल्याबिगर हिला जेवण जात न्हाय.”

शाहूपुरीतलं ते दुकान अब्बांचं. कॅसेटी भरून द्यायचं. लोक वहीच्या कागदावर गाण्यांची यादी आणत आणि अब्बा दोन डेकांमध्ये बसून ती गाणी एकेक करून कोऱ्या कॅसेटवर उतरवत. त्यांची एक खोड होती. कॅसेट भरायला लागताना ते आधी माईक चालू करत, घसा खाकरत आणि सांगत, “बाजू पहिली,” मग कुणाची कॅसेट, कसली गाणी. मग माईक बंद आणि गाणी सुरू. गिऱ्हाइकं त्यांना ‘शाहूपुरी आकाशवाणी’ म्हणायची. मला मात्र त्याची लाज वाटायची. गाण्याआधी हे खाकरणं कशाला?

कॉम्प्युटरचा कोर्स करून आल्यावर मीच हट्ट करून सीडी रायटर घ्यायला लावला. सुरुवातीला ते काम म्हणजे सोवळं होतं. सीडी चालू असताना माऊसला हात लावायचा नाही, दुसरं काही उघडायचं नाही, टेबलाला धक्का द्यायचा नाही. हिरवी पट्टी सरकायला लागली की मी अख्ख्या दुकानाला दम भरायची. पुढं चांगलं सॉफ्टवेअर आलं, मशीन वेगवान झालं आणि माझी मिजासही वाढली. लग्नाच्या, जोतिबाच्या यात्रेच्या, गॅदरिंगच्या सीड्यांना तोटा नव्हता. जळलेल्या सीड्या ऊसवाले नेत. ट्रॉलीच्या मागं बांधल्या की मागच्या गाडीच्या उजेडात चमकत. अब्बांचे डेक कोपऱ्यात सरकले. अब्बाही सरकले म्हणायला हरकत नाही, पण ते मला तेव्हा दिसलं नाही.

गुरुजींचे वडील भीमगीतं गायचे. गायनपार्टी मोडली, वय झालं, तरी घरी पेटी घेऊन बसायचे. गुरुजींनी एकदा टेपरेकॉर्डर ठेवून ते गाणं भरून घेतलं होतं, तेवढंच मागं राहिलं. पहिल्या स्मृतिदिनाला नातेवाइकांना सीडी वाटायची होती. “जपून करा, ताई,” असं ते तीनदा म्हणाले. तिसऱ्यांदा मला राग आला.

मी कॅसेट कॉम्प्युटरात घेतली आणि कानाला हेडफोन लावून बसले. आवाज भारदस्त होता, पण म्हातारा दर कडव्याला अडखळायचा. थांबायचा आणि म्हणायचा, “पुढचं काय गं?” लांबून, भांड्यांच्या आवाजातून, एक बाई पुढची ओळ सांगायची. मग गाणं पुढं. माझे हात शिवशिवायला लागले. सॉफ्टवेअरमध्ये सगळं होतं: खरखर काढा, मोकळ्या जागा काढा, नको तो तुकडा कापा. दोन दिवस बसून मी एकूणएक अडखळणं कापलं. म्हातारा आता न थांबता गात होता, जणू पंचविशीत होता. मूळ फाईल मी पुसून टाकली, कारण त्या हार्ड डिस्कवर ती ठेवायला जागाच नव्हती. कॅसेट मागं फिरवताना आमच्या डेकनं तिची फीत गिळली आणि चुरगाळून टाकली. मला त्याचंही काही वाटलं नाही. “काळजी करू नका,” मी गुरुजींना सांगितलं, “सगळं आत घेतलंय.” त्यांनी ती चुरगाळलेली फीत रुमालात बांधून नेली.

स्मृतिदिन झाल्यावर ते परत आले. भांडायला आले असते तर बरं झालं असतं. ते स्टुलावर बसले आणि पाणी मागितलं.

“गाणी लई छान निघाली, ताई. पाव्हण्यांना आवडली,” ते म्हणाले. “पण आई ऐकत बसली आणि म्हणाली, ह्यात त्यांचं इचारणं कुठं गेलं? मी पुढचं सांगायची, ती कुठं गेली?”

मी त्यांना खरखर, सफाई, दर्जा असलं काहीतरी सांगायला लागले. बोलता बोलता आपण काय केलं ते माझ्याच ध्यानात आलं. त्या माउलीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण नवऱ्याचं प्रत्येक गाणं तिला पाठ होतं. सगळा जन्म ती त्याला चुलीजवळून पुढची ओळ देत आली होती. आणि मी तिला तिच्याच संसारातून कापून काढलं होतं, वर स्वतःला कलाकार समजत होते. हे मी चुकून केलेलं नव्हतं, दोन दिवस मन लावून केलं होतं. मूळ फाईल गेली, फीत गेली. आता काय द्यायचं?

अब्बा उठले. वरच्या फळीवरून एक कॅसेट काढून त्यांनी फुंकर मारली.

“जुनी टेप हाय, दुसऱ्यांदा वाजंल का न्हाय सांगता येत न्हाय, म्हणून हिनं हात लावायच्या आधी मीच एक कापी भरून ठेवली,” ते म्हणाले. “आधी कापी, मग काम. ह्यात सगळं हाय. पुढचं काय गं, ते बी हाय.”

ते काय भरत बसतात, त्याकडं मी तेव्हा लक्षच देत नव्हते. त्यांनी मला एका शब्दानं टोकलं नाही. त्या कॅसेटवरून मी नवी सीडी मारली, या वेळी एकही ‘पुढचं काय गं’ न कापता. फक्त सुरुवातीचं अब्बांचं खाकरणं आणि घोषणा तेवढी न ऐकताच उडवली. ती काय गुरुजींच्या घरातली नव्हती. अब्बांनी कॅसेटही गुरुजींच्या हातात दिली. “आईंना द्या. सीडीचं काय खरं न्हाय,” असं म्हणाले. मी मनातल्या मनात फणकारले.

पण त्यांचंच खरं झालं. नव्याचे नऊ दिवस. पेन ड्राइव्ह आला, मग मोबाईलात चिमूटभर कार्ड बसायला लागलं. लोक म्हणायचे, सीडी नको, कार्डात टाका. ज्या सॉफ्टवेअरची मी नवी आवृत्ती कधी येते म्हणून वाट बघायची, ते नव्या कॉम्प्युटरवर टाकायचंही मी विसरले, आणि विसरले हे सहा महिन्यांनी लक्षात आलं. दुकानात रिचार्ज आणि मोबाईलची कव्हरं आली.

अब्बा गेले त्या वर्षी अम्मी एकदा म्हणाली, “तू गावाचे आवाज भरून दिलेस. तुझ्या अब्बांचा काढ की एखादा.” मला वाटलं, हे काय अवघड. अब्बांच्या कॅसेटी मी केव्हाच भंगारात घातल्या होत्या, पण त्याआधी त्यांवरून मारलेल्या सीड्या खोकंभर होत्या. एकेक लावून बघितली. कशातच अब्बा नव्हते. सगळीकडून मी त्यांना नेमकं कापलं होतं, कात्री लावल्यासारखं. माझा हात किती साफ होता ते त्या दिवशी कळलं. खोक्यापाशी बसून मी स्वतःला शिव्या घातल्या.

मग ती एक कॅसेट आठवली.

गुरुजींना फोन केला आणि मुरगूडची एसटी धरली. घरी आजी, म्हणजे गुरुजींच्या आई, जमिनीवर बसून शेंगा फोडत होत्या, शेजारीच टेपरेकॉर्डर. कॅसेट काढावी लागली नाही, ती आतच होती. आजींनी ती मागं फिरवली आणि अंगठ्यानं बटण दाबलं.

खरखर. मग घसा खाकरल्याचा आवाज.

“बाजू पहिली,” अब्बा म्हणाले. “मुरगूडच्या पावण्यांच्या वडलांची गाणी.”

त्यांच्या मागून लगेच एक चिडका, किनरा आवाज आला, “अब्बा, आता कॅसेट कशाला भरतायसा? मी ह्या सगळ्या भंगारात घालणार हाय!” ती मी होते.

मग अब्बा, माईकच्या अगदी जवळून, हसू दाबत: “गप की. तुझा बी आवाज यायलाय ह्यात.”

खट्कन माईक बंद झाला आणि पेटी वाजायला लागली. मी त्या परक्या घरात ओक्साबोक्शी रडले. गुरुजी अवघडून दारात उभे राहिले. आजींनी टेप थांबवला.

“पोरगा म्हणतो ह्यो भाग पुढं ढकल,” आजी म्हणाल्या, “पर मी न्हाय ढकलत. आधी तुमी बाप-लेक भांडतासा, मगच आमचं हे गायला बसत्यात. रोजचं हाय ते.” त्यांनी माझ्याकडं बघितलं. “परत लावू?”

“लावा,” मी म्हटलं. “पहिल्यापासनं.”