चासी नंबर

आमच्या स्कूटरचा नंबर शेवटी शेवटी फक्त मलाच वाचता यायचा, तोही पाठ होता म्हणून. आमच्या मोहने गावाची धूळ आणि माझ्या बायकोचा काथ्या (नंदा स्कूटरही कढईसारखी घासते) यांनी मिळून प्लेटवर 'एमएच'पुढे काही ठेवलं नव्हतं. त्यात नव्या प्लेटा सक्तीच्या झाल्या, म्हणून एका शनिवारी आम्ही दोघं कल्याणला प्लेट बसवायला गेलेलो.

तिथल्या माणसाने वाकून गाडीवर कोरलेला चासी नंबर पाहिला. मग मोबाइल पाहिला. मग पुन्हा वाकला.

"काका, ही गाडी कोणाची?"

"माझी."

"नाही."

इतक्या शांतपणे कोणी मला कधी हादरवलं नव्हतं. मागे रांगेतली माणसं आपापल्या गाड्यांच्या चाव्या खिशात घालायला लागली. नंदा माझ्यापासून दोन पावलं लांब सरकली. (पंचवीस वर्षांचा संसार, पण बाई सावध.)

"अहो, कुठून आणलीत?" तिने विचारलं.

"अगं, तू होतीस की शोरूमला."

"मी होते ती गाडी आणायला. ही कुठली?"

तेवढ्यात कोणीतरी चौकातल्या हवालदारांना घेऊन आलं. माझी चावी त्यांनी निरखून पाहिली. ती इतकी झिजलेली की बहुतेक आमच्या घराचं कुलूपही तिने उघडलं असतं. "स्कूटर कुठे लावता?" त्यांनी विचारलं.

"आंबिवली स्टेशनला."

"तिथून कधी भलतीच उचललीत का?"

मी ठामपणे नाही म्हणणार होतो. मग आठवलं. वर्षापूर्वी एका संध्याकाळी गाडीचा आरसा गायब दिसला होता. मी आरसाचोराला शिव्या दिल्या आणि घरी आलो. डिकीत एक लेडीज छत्रीही निघाली होती. ती मी नंदाला वाढदिवसाला दिली.

"म्हणजे ती छत्री..." नंदा आणखी एक पाऊल लांब सरकली.

हवालदारांनी चासी नंबरवरून खऱ्या मालकिणीला शोधून फोन लावला. थोड्याच वेळात मोहन्याच्याच परेरा मॅडम हजर झाल्या. आमच्या स्कूटरवरून. आमच्यासारखीच करडी, तशीच पुसलेली प्लेट. त्या संध्याकाळी माझ्यानंतर त्या स्टँडवर आल्या आणि उरली होती ती घेऊन गेल्या. आमचं कुलूपही चावीइतकंच झिजलेलं, त्यांच्या चावीने सहज उघडलं.

"म्हणजे वर्षभर मी तुमची गाडी दुरुस्त करतेय?" त्या मटकन पायरीवर बसल्या. "चांगली गाडी एका रात्रीत खटारा कशी झाली, तेच कळेना. ब्रेक बदलले, सीट बदललं, इंजिन खोललं. फादरकडून आशीर्वादसुद्धा घेतला हो तिच्यासाठी."

मी रांगेकडे बघायला लागलो. कारण त्याच सुमाराला आमची गाडी अचानक गुळगुळीत चालायला लागली होती आणि त्याचं श्रेय मी माझ्या ड्रायव्हिंगला दिलं होतं. चारचौघांत व्याख्यानंही दिली होती.

हवालदारांनी हसू दाबत गाड्यांची अदलाबदल केली आणि दोन्हींना योग्य त्या प्लेटा लावून घ्यायला सांगितलं. परेरा मॅडमना त्यांची गाडी मिळाली, तीही माझ्या हाताखाली वर्षभर राहून खडखडणारी. आम्हाला आमची मिळाली, नव्यासारखी.

नंदाने सीटवरून हात फिरवला. मग माझ्याकडे पाहिलं. "ताई," ती परेरा मॅडमना म्हणाली, "वर्षभरात तुम्ही गाडी एवढी सुधारलीत. यांनाही ठेवून घेता का?"

मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं.

"नको गं," त्या म्हणाल्या. "या मॉडेलचे पार्ट आता मिळत नाहीत."