बेलीफकाकांचं दार

बेलीफकाका कुणाकडेही गेले की आधी दाराला नख लावायचे. बेल वाजवायच्या आधी! डोळ्यांच्या उंचीला अंगठ्याचं नख हळूच ओढायचे आणि मग चपला काढायचे. तीस वर्षं ते नाशिकच्या दिवाणी कोर्टात बेलीफ होते. निकाल लागूनही पैसे न भरणाऱ्याच्या दारावर जप्तीची नोटीस डकवायची आणि तिथंच डफडं वाजवून ती पुकारायची, हे त्यांचं काम.

"कागद निघतो बाई, खळ निघत नाही," असं ते मला सांगायचे. मी शाळेत शिकवते, म्हणून मी 'बाई'. खरं तर ते माझ्या वडिलांचे मित्र. नव्वदच्या दशकात आमच्या ओळखीत कुणी घर घ्यायला निघालं की काकांना सोबत न्यायचंच. गंगापूर रोडला नखाला खळ लागली म्हणून माझ्या भावाला त्यांनी एका चकचकीत दारातून माघारी फिरवलं. घरमालक तणतणत होता आणि काका विचारत होते, "चहा टाकलाय ना? मग द्या की!"

पुढे काकू गेल्या. काकांनी घोटीला लेकीकडे जायचं ठरवलं आणि मखमलाबाद रोडचं आपलं घर आम्हाला देऊ केलं. आम्ही तेव्हा रविवार कारंज्याजवळ भाड्यानं राहत होतो. होतं नव्हतं ते, माझ्या पाटल्यांसकट, त्या घरात घातलं. कागदपत्रं तपासायची? काकांच्या घराची? छे!

खरेदीखताच्या सकाळी आम्ही नवराबायको रिक्षा घेऊन गेलो. काका दारातच उभे होते. दाराला ताजा हिरवा रंग.

"बाई, नख लावा."

मी हसले. "काका, आता तुमच्या दाराला?"

"लावा म्हणतो ना!"

लावलं. रंगाचा पोपडा निघाला आणि खाली पिवळट खळ.

ऑफिसातल्या मित्राच्या कर्जाला काका जामीन राहिले होते. मित्र वारला, निकाल काकांवर आला. जप्ती घेऊन आला तो त्यांनीच तयार केलेला बेलीफ. "कागद लावायला धजेना तो. खळीचा डबा मीच धरला. डफडं नको म्हणत होता. मी म्हटलं, वाजव."

"अहो, मग इसार घेताना दातखीळ बसली होती का तुमची?" मी ओरडलेच.

"बसली होती," काका म्हणाले. "हा रंगसुद्धा मीच दिला. पण सहीला हात होईना. आज सही केली असती तर घराबरोबर जप्तीही तुमच्या गळ्यात पडली असती."

रिक्षा कोर्टाकडे वळवली. आमच्याच पैशांतून आधी कोर्टाची रक्कम भरली, जप्ती उठल्याचा हुकूम मिळायला महिना गेला, मग खरेदीखत झालं. काकांच्या हाती जे उरलं ते बघून मला माझ्या ओरडण्याची लाज वाटली. एका पत्र्याच्या पेटीनिशी ते घोटीच्या एसटीत बसले.

तीन वर्षांनी ते गेल्याचा फोन आला. मी त्याच दारात बसून रडले. अख्ख्या नाशकात ज्याला मी कधीच नख लावलं नसतं, असं ते एकच दार होतं. आणि काकांना ते पक्कं ठाऊक होतं.