पिल्लू गेलेल्या शेळीचं दूध

माझी धाकटी बहीण ऋतुजा सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात किनारी शिवते. तिथं ती मुकादमालाही तोंडावर सुनावते. घरात मात्र सासूपुढं मान खाली. हे वळण आमच्या माहेरचंच. थोरल्यांना परक्यासमोर खोटं पाडायचं नाही, असं आमच्या आईनं आम्हा दोघींच्या मनावर बिंबवलं होतं.

सासूचं नाव बजाबाई. बाई वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मला मोकळेपणानं रागावता येईल. अक्कलकोट रोडच्या कडेला दोन खोल्या आणि दारात चार शेळ्या. त्या शेळ्यांच्या जिवावर तिनं एकटीनं मुलगा शिवराज वाढवला. ऋतुजाला दिवस गेले तेव्हा तिनं तिला पाण्याची कळशीसुद्धा उचलू दिली नाही.

ऋतुजाला सातवा लागला आणि दारातली एक शेळी गाभडली. शेजारच्या गोठ्यातून आणलेला मुरवलेला चारा बुरसलेला होता, तोच तिनं खाल्ला होता. पिल्लू मेलेलंच पडलं, पण शेळीला दूध उतरलं. ते वाया कसं घालवायचं? "पिल्लू गेलं ते गेलं, दूध तुज्या लेकराला तरी लागंल की," म्हणत बजाबाई रोज सकाळी पेला घेऊन सुनेसमोर उभी राहायची. दूध निरसंच. तापवलं की त्यातला कस जातो, असं तिचं ठाम मत. ऋतुजाला वासानंच मळमळायचं. ती डोळे मिटून प्यायची.

मग ताप आला, अंग ठणकायला लागलं, आणि आठवा सरायच्या आतच कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. मूठभर जीव, श्वास घेताना कण्हायची. तिला काचेत ठेवलं. डॉक्टरीणबाई ऋतुजाच्या खाटेशी आल्या आणि त्यांनी विचारलं, "गरोदरपणी कच्चं दूध घेतलं होतं का? घरातलं एखादं जनावर गाभडलं होतं का?"

"न्हाय बाई," बजाबाईनं सुनेच्या आधी उत्तर दिलं. "आमी काय अडाणी हाय व्हय? आमच्यात उकळल्याबिगर दूध कुणी तोंडाला लावत न्हाय."

डॉक्टरीणबाईंनी ऋतुजाकडं पाहिलं. ऋतुजानं नाही म्हणून मान हलवली.

एकीला शिकलेल्या बाईसमोर अडाणी ठरायचं नव्हतं, दुसरीला सासूला उघडं पाडायचं नव्हतं. दोघींनी मिळून घराची लाज राखली. जळो ती लाज!

रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा जंतूचं नाव कळलं, लिस्टेरिया. कच्च्या दुधातून तो आईच्या पोटात जातो. आईला नुसता ताप येतो, आणि बाळाच्या मात्र जिवावर बेततं. तोवर चालू असलेलं औषध या जंतूवर चालतच नव्हतं. औषध बदललं, पण त्याच संध्याकाळी मुलगी गेली. आधी खरं सांगितलं असतं तर वाचली असती का, असं शिवराजनं विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सांगता येत नाही.

घरी आल्यावर ऋतुजाला पान्हा फुटला. मोरीत बसून ती दूध पिळून टाकायची, आणि बाहेर बजाबाई आल्यागेल्याला सांगायची, "गिराण पाळलं न्हाय हिनं. इळीवर भाजी चिरत बसली." बायका चुकचुकत आत डोकावायच्या. रिपोर्टमध्ये काय आहे ते शिवराजनं आईला नीट समजावलं होतं. तिला ते समजलंही होतं. म्हणून तर तिला ग्रहण आठवलं.

यंदा ऋतुजाला पुन्हा दिवस गेले. त्याच डॉक्टरीणबाईंकडं आम्ही तिघी गेलो. "पहिलं बाळ गेलं ना?" त्यांनी विचारलं. बजाबाई लगेच पुढं सरकली.

"व्हय बाई. गिराणात हिनं..."

"आत्या, थांबा." ऋतुजाचा आवाज अगदी कारखान्यातला होता. "मॅडम, तवा आमची शेळी गाभडली हुती. तिचं निरसं दूध आत्यांनी दिलं, मी पिलं. तुमी इचारलं तवा आमी दोगीबी खोटं बोललो."

बजाबाई मागं सरली. तोंडाला पदर लावून म्हणाली, "मायेनंच दिलं गं पोरी."

"ठावं हाय मला, आत्या," ऋतुजा म्हणाली. "म्हणूनच पिलं की."