बावीस गाणी, अकरा माणसं

रेडिओ हे काही त्याचं खरं नाव नाही. खरं नाव लायसनवर आहे, पण लायसन बघायची वेळ आजवर एकाही पोलिसावर आलेली नाही, इतकी तो गाडी जपून चालवतो. टॅक्सी चालवायचा तेव्हा गिऱ्हाईक बसल्यापासून उतरेपर्यंत त्याचं तोंड चालू असायचं, म्हणून हे नाव पडलं. माझ्या दुकानात तो पहिल्यांदा टेपची चौकशी करायला आला तेव्हा मी म्हटलं होतं, "तुला टेप कशाला रे? आल्यापासून तूच वाजतोयस." यावरही तो अर्धा तास बोलला आणि टेप न बसवताच निघून गेला.

मी गाड्यांचे स्टिरिओ दुरुस्त करतो. पेट्रोलपंपाच्या मागच्या भिंतीला टेकून माझं दुकान आहे. एक गाडी आत घेतली की मला बाहेर पडायला जागा उरत नाही, एवढंच. डोकं माझं लवकर तापतं, हे मान्य. पण एखादी वस्तू का बिघडली हे कळेपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नाही, हेही बायको कबूल करेल.

सहा वर्षांपूर्वी रेडिओच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठ काढली आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. चार महिन्यांनी तो दुकानात आला तो गळ्यात तळहाताएवढी पाटी अडकवून. त्याने खिशातून खडू काढला आणि लिहिलं, "आता बसव टेप." मी हसलो आणि हसता हसता मला रडू फुटलं. खोटं कशाला सांगू, तोच माझ्या पाठीवर थोपटत उभा होता.

न बोलणाऱ्या टॅक्सीवाल्याच्या गाडीत लोक बसेनात. शेवटी त्याला अंध कामगारांच्या कार्यशाळेत व्हॅनवर नोकरी मिळाली. तिथं खुर्च्या विणतात, झाडू बांधतात, पुठ्ठ्याची खोकी करतात. सकाळी अकरा जणांना घेऊन यायचं आणि संध्याकाळी घरोघर सोडायचं, एवढं काम. आधीचा ड्रायव्हर प्रत्येक थांब्यावर नाव घेऊन ओरडायचा. रेडिओ ओरडणार कुठून? पहिल्या दिवशी त्याने हॉर्न वाजवून पाहिला, तर उतरणारा बसूनच राहिला आणि गल्लीतली माणसं मात्र खिडक्यांत आली.

मग त्याने डोकं लढवलं. मुलीला पाठवून अकरा जणांना त्यांचं एकेक आवडतं गाणं विचारलं आणि ती अकरा गाणी उतरण्याच्या क्रमाने माझ्याकडून मेमरी कार्डावर भरून घेतली. घराच्या आधीचं वळण आलं की त्या माणसाचं गाणं सुरू. गाडी थांबली की रेडिओ स्वतः खाली उतरणार, दार सरकवणार, कोपर पुढे करणार. माणूस उतरला की गाणं थांबवायचं, पुढचं वळण आलं की एकदा बटण दाबायचं, पुढचं गाणं सुरू. त्याला बोलता येत नाही आणि पाटी त्यांना दिसत नाही. गाणं आणि कोपर, एवढीच काय ती त्यांची आपसातली बोली. पाच वर्षं ती बिनबोभाट चालली होती.

गेल्या महिन्यातल्या एका बुधवारी तो व्हॅन घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा पार उतरलेला होता. पाटीवर लिहिलं होतं, "गाणी दुप्पट झाली."

"बरं झालं की," मी म्हणालो. "लोक एकावर एक फुकट मागतात, तुला न मागता मिळालं."

त्याने पाटी पुसली आणि लिहिलं, "नोकरी जाईल." मग मी थट्टा थांबवली.

झालं होतं ते असं. जुनं कार्ड झिजलं म्हणून त्याच्या मुलीने नवीन कार्डावर गाणी भरून दिली होती. स्टिरिओ त्या कार्डावर अकराच्या जागी बावीस गाणी दाखवू लागला. प्रत्येक नाव दोनदा, आणि त्यातलं पहिलं निव्वळ मुकं. ते आलं की काही सेकंद नुसती शांतता, मग स्टिरिओ कंटाळून आपणच पुढे सरकायचा.

मंगळवारी सात थांबे कसेबसे निभावले, आठव्या थांब्याआधी रेडिओने बटण दाबलं. शांतता. त्याने पुन्हा दाबलं. पण तेवढ्यात स्टिरिओ आपोआप पुढे गेलेला होता, त्यामुळे आठवं गाणं हुकलं आणि गाडी थांबता थांबता नववं वाजायला लागलं. नववी सारंगीची धून. ती खुर्च्या विणणाऱ्या मावशींची. मावशी स्वभावाने घाईच्या. धून ऐकली, गाडी थांबली, त्यांनी आपल्या हाताने दार सरकवलं, उतरल्या आणि लावूनही घेतलं. तिथं उतरायचे होते झाडूवाले काका. ते आपलं गाणं अजून लागलं नाही म्हणून शिस्तीत बसून राहिले. दार वाजलं म्हणजे काका उतरले असं समजून रेडिओने गाडी पुढे काढली. मावशींच्या फाटकाशी येऊन बघतो, तर मावशींची जागा रिकामी आणि काका आपले मांडीवर डबा घेऊन बसलेले.

मावशी परक्या कुंपणाला धरून वीस मिनिटं उभ्या होत्या. गटाराच्या कडेवर त्यांचा पाय मुरगळला होता. त्यांनी तक्रार केली नाही, फक्त दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकबाईंना सांगितलं, "मी त्या गाडीत बसणार नाही." आणि शेजारणीचा हात धरून लंगडत पायी येऊ-जाऊ लागल्या. व्यवस्थापकबाईंनी रेडिओला सोमवारपर्यंत मुदत दिली. सोमवारी मावशी एकदा बसून बघतील. त्यांना भरवसा वाटला तर ठीक, नाहीतर दुसरा ड्रायव्हर आणि रेडिओला गोदामात पुठ्ठे मोजायचं काम.

मी कार्ड काढून माझ्या संगणकात घातलं. अकरा गाणी. पुन्हा स्टिरिओत घातलं. बावीस. मी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. बावीस म्हणजे बावीसच. मग मी स्टिरिओवर संशय घेतला आणि दुकानातला दुसरा जोडला. त्यानेही बावीसच दाखवली. म्हणजे दोष कार्डाचा. मी माझ्याकडचं कोरं कार्ड घेतलं, संगणकात साठवलेली त्याची जुनी गाणी त्यावर भरली आणि स्टिरिओत घातलं. अकरा! रेडिओने माझा हात दोन्ही हातांत धरून हलवला. त्या दिवशी मी दोन घास जास्तच जेवलो.

शुक्रवारी सकाळी तो परत दारात. पाटीवर फक्त आकडा, बावीस.

माझं डोकं सणकलं. "अरे, माझ्या हाताने भरलेलं कार्ड आहे हे! रस्त्यात काय पिल्लं घातली याने?" मी ओरडलो. तो गप्प उभा. म्हणजे तो गप्पच असतो, पण या वेळी पाटीही गप्प होती. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण दुकानातून जाताना अकरा आणि दोन दिवसांनी बावीस, याला दुसरं काय म्हणायचं?

मग मला एक साधा प्रश्न सुचला, जो बुधवारीच विचारायला हवा होता. "हे कार्ड इथून निघाल्यावर कुणाकुणाच्या हातात गेलं?"

त्याने लिहिलं, "पोरगी रोज तपासते."

मी तिला फोन करून बोलावून घेतलं. ती जवळच्याच एका छपाईच्या ऑफिसात चित्रं जुळवायचं काम करते. पाठीवरच्या पिशवीत ऑफिसने नुकताच दिलेला संगणक होता, माझ्यापेक्षा वेगळ्या जातीचा, चकचकीत. "काका, मी काहीच बिघडवलं नाही हो," ती आल्या आल्या म्हणाली. "उलट बाबांना पुन्हा त्रास नको म्हणून मी रोज संध्याकाळी कार्ड सगळं पुसते आणि गाणी नव्याने भरते. शिळ्या कार्डावर घोटाळा होतो ना?"

मी कपाळाला हात लावला. पण आता मला राग नव्हता, निव्वळ उत्सुकता होती. "माझ्यासमोर भर बघू," मी म्हणालो. तिने भरलं. तिच्या पडद्यावर अकरा. माझ्या पडद्यावरही अकरा. मग मी माझ्या संगणकाला सांगितलं, लपवलेलं असेल तेही दाखव. आणि दिसली मंडळी! प्रत्येक गाण्याच्या वर त्याच नावाची एक फिकट फाइल, नावाच्या सुरुवातीला एक टिंब आणि एक आडवी रेघ. वजन अगदी नगण्य. एका ओळीचंही गाणं त्यात मावलं नसतं.

"ही कोण?" तिने विचारलं.

"तुझ्या संगणकाच्या चिठ्ठ्या," मी म्हणालो. "इस्त्रीवाला शर्टाला चिठ्ठी टाचतो ना, कुणाचा, कधी आला, तशी तुझा संगणक परक्या कार्डावरच्या प्रत्येक फाइलला टाचतो. ती त्याच्या कामाची. स्वतःच्या पडद्यावर तो ती दाखवत नाही आणि टिंब बघून माझाही दाखवत नव्हता. स्टिरिओ बिचारा साधा. त्याला टिंब कळत नाही. नावाच्या शेवटी गाण्याची खूण दिसली की तो चिठ्ठीच वाजवायला जातो."

पोरगी चिठ्ठ्यांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे मी जितकी काळजी घेत होते..." आणि तिचे डोळे भरून आले. रेडिओने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी उगाच स्क्रू शोधायला वाकलो.

मी अकराच्या अकरा चिठ्ठ्या पुसल्या. कार्डाच्या कडेला एक बारीक खटका असतो. तो खाली सरकवला की त्यावर कुणालाच काही लिहिता येत नाही. तो सरकवला आणि वर चिकटपट्टी मारली. स्टिरिओत घातलं, अकरा. "आता हे घरी न्यायचं नाही," मी दोघांनाही दम भरला. "गाडीतच राहू दे."

मुलगी ऑफिसला गेली, पण रेडिओ जाईना. त्याने पाटीवर काहीतरी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं आणि माझ्यापुढे धरलं. "त्या दिवशी मी उतरलो नाही."

"कुठे उतरला नाहीस?"

"दाराशी. बटणं दाबत बसलो."

आता मला कळलं की त्याला कशाने पोखरलं होतं. गाणं चुकलं ते चिठ्ठीमुळे. पण कोपर घेऊन तो दाराशी असता, तर मावशी तिथं उतरल्याच नसत्या. हे त्याने व्यवस्थापकबाईंना सांगितलं नव्हतं आणि मावशींना सांगायची काही सोयच नव्हती.

"मी सांगू का त्यांना?" मी विचारलं.

त्याने नकारार्थी मान हलवली आणि लिहिलं, "माझं मी." मी म्हणालो, "अरे, पण कसं?" त्याने पाटी पुसली आणि गाडी सुरू केली.

सोमवारी संध्याकाळी स्टिरिओ तपासायच्या निमित्ताने मी त्याच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसलो. व्यवस्थापकबाई मागे बसल्या. मावशी सगळ्यात शेवटी चढल्या, लंगडत. हातावर वेताचे चरे, केस घट्ट बांधलेले. मुरगळलेल्या पायाला पट्टी होती. रेडिओने आरशातून ती पट्टी पाहिली आणि मग वाटभर आरशात पाहिलं नाही.

पहिलं गाणं लागलं, पहिला माणूस उतरला. दुसरं, तिसरं. प्रत्येक वेळी रेडिओ उतरायचा, दार, कोपर, आणि पुढच्या वळणावर एकदाच बटण. माझा जीव मात्र दर बटणाला टांगणीला लागायचा. आठव्या थांब्यावर काकांचं गाणं लागलं तेव्हा काका मोठ्याने म्हणाले, "आज लागलं बुवा माझं!" सगळे हसले. मावशी हसल्या नाहीत.

मावशींच्या घराआधीचं वळण आलं आणि सारंगी सुरू झाली. गाडी फाटकाशी थांबली. मावशी उठल्या नाहीत.

रेडिओ उतरला, फिरून दाराशी गेला आणि दार सरकवलं. मी मान वळवून बघत होतो. कोपराऐवजी त्याने पाटी पुढे धरली होती. ठळक, मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "माझी चूक." वाटेत कुठल्याशा थांब्यावर त्याने ते लिहिलं असावं. मावशींना पाटी दिसत नाही हे त्याच्याच लक्षात आलं असावं, कारण त्याचा चेहरा शरमेने लाल झाला, पण हात काही खाली गेला नाही. मी वाचून दाखवायला तोंड उघडलं आणि 'माझं मी' आठवून मिटलं. व्यवस्थापकबाईंनाही मी हाताने थांबवलं.

मावशींनी सवयीने कोपर शोधायला हात पुढे केला. तो पाटीवर पडला. त्यांनी बोटांनी चौकट चाचपली, मग अंगठा खडूवरून फिरवला आणि तो भुरभुरीत स्पर्श ओळखून थांबल्या.

"काहीतरी लिहिलंयस," त्या म्हणाल्या.

रेडिओने त्यांच्या मनगटाला हलकेच एकदा बोट लावलं. हो.

"आठवडाभर हेच लिहीत होतास?"

पुन्हा एकदा बोट.

मावशींनी हात सपाट केला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत अख्खी पाटी तळव्याने पुसून काढली. सावकाश, एकही अक्षर न सोडता. मग खडूने माखलेला तोच हात पुढे धरून म्हणाल्या, "कोपर दे आता. आणि उद्या सकाळी वेळेवर ये, या पायाने मला चालवत नाही."