आत्याबाईंच्या पिल्लांना शाम्पू

कोंबडीच्या पिल्लाला शाम्पू लावू नये. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, कारण सांगावं लागेल असं कुणाला वाटलंच नव्हतं.

सिरसाळ्यात माझं ब्युटी पार्लर आहे, घराच्याच पुढच्या खोलीत. मागच्या अंगणात राज्य माझ्या सासूबाईंचं. त्यांना मी आत्याबाई म्हणते. गेल्या हिवाळ्यात त्यांची कोंबडी मुंगसानं नेली आणि मागे अकरा पिल्लं उरली. आत्याबाईंनी ती टोपलीत घालून, चुलीजवळ बसून, पदराखाली ऊब देऊन वाढवली. (माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली, मला तो पदर अजून मिळालेला नाही.)

पिल्लं महिन्याची झाली आणि माजलगावला नणंदेचं बाळंतपण निघालं. जाताना आत्याबाई म्हणाल्या, "दाणापाणी दे अन् सांजंला खुराड्यात कोंड. दुसरं काय करू नको. तुजं डोकं तर आजिबात लावू नको."

हे शेवटचं वाक्य मला लागलं. म्हणून त्यांची गाडी निघाली त्याच दिवशी मी डोकं लावलं. अंगणाच्या कोपऱ्यात चुलीतल्या राखेचा ढीग होता आणि पिल्लं दिवसभर त्यात लोळायची. मला ते घाण वाटलं. ढीग उचलून उकिरड्यावर टाकला, अंगण पाण्यानं लख्ख धुतलं आणि फोटो काढून नणंदेला पाठवला.

दोनेक आठवड्यांनी पिल्लं खाजवायला लागली. खाता खाता थांबून चोचीनं पंखाखाली खणायची. मग पिसं गळाली. दोघातिघांच्या माना उघड्या पडल्या, पहिल्यांदाच वॅक्सिंग केलेल्या नवरीच्या हातासारख्या लालेलाल. आमचे हे म्हणाले, आईला फोन कर. मी म्हटलं, कातडीचा कोर्स केलेली मी, आणि फोन त्यांना करू?

मी कोंड्याचा शाम्पू काढला. कोमट पाण्यात एकेकाला न्हाऊ घातलं, वरून कापूर घातलेलं खोबरेल चोळलं आणि सुकवायला ड्रायर लावला. त्या आवाजानं अकराच्या अकरा पिल्लं पार्लरभर उधळली. चार खुर्चीखाली, एक टॉवेलांच्या कपाटात. फेसपॅक लावून बसलेली एक बाई तशाच पांढऱ्या तोंडानं बाजारपेठेत पळाली. ती परत आली नाही. तेलानं पिसं अंगाला चिकटली होती आणि पिल्लं एवढीएवढीशी झाली होती. थंडीचे दिवस. संध्याकाळी ती एकमेकांना टेकून कापत होती. मला वाटलं, कापूर लागू पडला!

सकाळी दोन पिल्लं उठली नाहीत. दुपारी तिसरं माझ्या हातातच गेलं. इथवर मी हे हसत सांगते, पण त्याची मान माझ्या तळहातावर कलली तेव्हा त्याला माझ्याच शाम्पूचा वास येत होता. त्या वासाचा शाम्पू मी नंतर पार्लरात ठेवला नाही.

शेवग्याखाली तिघांना पुरून हात धुतेय, तोच नणंदेचा निरोप आला, की आईला व्हिडिओवर पिल्लं बघायचीत. मी शेजारच्या शमीम चाचींकडे धावले आणि त्यांची तीन पिल्लं मागून आणली. फोनवर आत्याबाईंनी डोळे बारीक केले.

"अकरा हायत. पन ती तिकडली तीन कुनाची?"

"कुनाची म्हंजे? आपलीच."

फोन बंद झाला.

चाची आपली पिल्लं न्यायला आल्या होत्या. त्यांनी राख कुठे गेली ते विचारलं. मी सांगितलं. खुराड्याच्या फळ्यांच्या फटीत त्यांनी पांढरा फडका फिरवला, तर त्यावर लाल ठिपके उठले आणि ते चालायला लागले. बारीक किडे! दिवसा फटीत दडून बसायचे, अंधार पडला की पिल्लांचं रक्त प्यायचे. राखेत लोळून पिल्लं अंगावरचे झाडायची, तीही सोय मी धुऊन टाकली होती.

"बीमारी खुराड्यात हाय," चाची म्हणाल्या, "अन् तू पिल्लांला न्हाऊ घालायलीस. तेबी रोज तितंच कोंडून."

मग गुरांच्या डॉक्टरांकडून भुकटी आणली, फटीफटीत उकळतं पाणी ओतलं, चुना मारला, नवी राख पसरली. उरलेल्या आठांना पुढे पिसं आली.

त्या फोनच्या दुसऱ्याच दिवशी पहिल्या एसटीनं आत्याबाई आल्या. मी बोलणी खायला तयार होते. त्या अंगणात बसल्या, एकेक पिल्लू मांडीवर घेऊन पंख उचलून बघितले. आठवं खाली सोडलं आणि हात थोडा वेळ तसाच मांडीवर राहिला.

"फोन करायला काय झालतं?"

"तुमी रागावल्या असत्या."

"रागावले असते," त्या म्हणाल्या. "पन अकरा ऱ्हायली असती."



परवा आत्याबाई दोन दिवस डोकं खाजवत होत्या. मी अगदी मायेनं म्हटलं, आत्याबाई, या पार्लरात, बघते मी. त्यांनी पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला आणि दोन पावलं मागे सरकल्या.

"नको बाई. मला आजून जगायचंय."