दादानं लिहिलेली आत्या

माझा थोरला भाऊ, म्हणजे तुझ्या आईचा मामा, पाद्री होता. माणूस सोन्यासारखा, पण तोंडातून कुणाबद्दल वाईट शब्द निघेल तर शपथ! कुणी गेलं की चर्चमध्ये चार शब्द दादाच बोलायचा, आणि असे बोलायचा की मेलेल्यानं उठून आरशात बघावं. जन्मभर कवडी न सोडणारा 'काटकसरी' व्हायचा. कजाग बाई 'स्पष्टवक्ती' व्हायची. एक जण रोज पिऊन गटारात लोळायचा, त्याला दादानं 'मातीशी नातं जपणारा' म्हटलं. हसू नको, लिही. लोक धडधाकट असताना येऊन सांगून ठेवायचे, "पाद्रीबाबा, माझ्या वेळी तुम्हीच बोला हं!"

आणि आमची आत्या म्हणजे ती कादंबऱ्यावाली, सगळं गावच तिला आत्या म्हणायचं. तिचं नवीन पुस्तक आलं की वाचनालयात बायका एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या. म्हातारपणी तिचे डोळे गेले, लिहिणं बंद पडलं. तिची पुस्तकं छापणारा म्हणाला, "आता बाईंचं चरित्र काढू, घरातल्याच कुणीतरी लिहा." झालं, दादा बसला लिहायला. वहिनी ताटावर ताट झाकून दमली, पण हा आपला उठतच नाही.

पुरं झालं तेव्हा आत्याला वाचून दाखवायला बसला. ती खिडकीपाशी आरामखुर्चीत, मी खाली मोज्यांना टाके घालत. दादानं घसा साफ केला. "'साहित्यसेवेसाठी त्यांनी संसारसुखाचा त्याग केला.'"

"कुणी रे?"

"तू."

"मी? कधी?"

"ऐक तरी पुढं. 'शेजाऱ्यांविषयी त्यांना अपार आस्था होती.'"

मला सुई टोचली हसताना. आस्था कसली डोंबलाची! समोरच्या औषधवाल्याला तिनं कादंबरीत विष घालणारा करून ठेवलेलं, नाकावरच्या चामखिळीसकट. तेव्हापासून आत्या खोकली की तो दुकानाची फळी लावून घ्यायचा.

आत्यानं काठी आपटली. "मेल्या, हे चरित्र आहे की माझं मयत? माझे डोळे गेले, मला आता काही लिहिता येत नाही. माझ्यामागं माझ्याबद्दल एवढं एकच पुस्तक राहणार, आणि त्यात मीच नाही! ही कुठली गरीब गाय आणून बांधलीस माझ्या जागी?"

"लोकांना आवडेल गं."

"बरं. मग रविवारी चर्चमध्ये वाच. नाव घ्यायचं नाही. एकानं जरी म्हटलं की ही बाई म्हणजे मी, तर खुशाल छाप. नाहीतर चुलीत घाल."

दादा लगेच कबूल. एवढी पंचक्रोशीत गाजलेली बाई, न ओळखायला काय झालं!

रविवारी आत्या पहिल्या बाकावर, काठी गुडघ्यात धरून. मी शेजारी. उपदेशाच्या जागी दादानं कागद काढले, म्हणाला, "एका थोर स्त्रीचं जीवन वाचतो. ओळखा कोण." आणि लागला वाचायला. काय तो आवाज! बायकांचे रुमाल निघाले. पावभट्टीवाला तर हुंदके द्यायला लागला. मधेच उभा राहून म्हणतो, "पाद्रीबाबा, ही माझी सासू!"

त्याची बायको म्हणाली, "खाली बसा. माझी आई एवढी सोशीक असती तर तुम्ही वेगळं घर केलं असतं का?"

मागून आवाज आला, "आमची थोरली जाऊ!" कोपऱ्यातून कुणी म्हणालं, "नाही नाही, ऑर्गन वाजवतात त्यांची आजी!" म्हातारे मास्तर उठले, "हे तर माझे वडील!"

"अहो मास्तर, बाई आहे यात!"

"असेना, स्वभाव त्यांचाच."

अख्ख्या चर्चला आपापलं माणूस दिसलं, आणि आत्या समोर बसलेली कुणाला दिसेना! मी पदर तोंडात कोंबला. आत्या मात्र हसली नाही हं. तिचा चेहरा एवढासा झाला. हळूच म्हणाली, "बघितलंस? जिवंतपणीच पुसून टाकलंस मला. घाल चुलीत."

दादाचे कान लाल झाले. कधी आवाज न चढवणारा माणूस, कागद भिरकावून ओरडला, "मग काय सांगू? लग्नाच्या दिवशी वऱ्हाड दारात आणि तू छपरावर चढून कादंबरी लिहीत बसलेलीस, ते सांगू? आजोबा खालून हात जोडतायत आणि तू म्हणतेस, 'थांबा हो, दोन पानं राहिलीत!' नवरा निघून गेला, तर खाली येऊन म्हणालीस, 'बरं झालं, शेवट छान जमला!'"

"आत्याऽऽ!" सगळं चर्च एका सुरात. औषधवाला बाकावर चढला. "आणि चामखीळ? चामखिळीचं सांगा की!"

आत्या ताडकन उठली. "छपरावर नव्हते मी! माळ्यावर होते!"

"छपरावर! शिडी मी धरली होती!"

"तू? तू तेव्हा एवढासा, शेंबडा! शिडी धरलीस म्हणे, काढून नेलीस मेल्या, म्हणून मला उतरता येईना!"

"म्हणजे तुला उतरायचं होतं?"

आत्यानं पदर सारखा केला. आणि मग, काय सांगू तुला, तरण्या पोरीसारखी खुदकन हसली. "ते मी तुला कशाला सांगू?"

"सांग!"

"नाही सांगत."

ती काठी टेकत बाहेर, हा झगा सावरत तिच्यामागं. भांडत भांडत गेली दोघं फाटकापर्यंत. इकडं लोक आपले माना खाली घालून उभे, शेवटचा आशीर्वाद कोण देणार? कुणी बसेना, कुणी जाईना.

तेवढ्यात दादा धावत परत आला. सगळ्यांनी माना अजून खाली घातल्या. त्यानं ऑर्गनवाल्या बाईच्या अंबाड्यात खोचलेली पेन्सिल उपसली, "माफ करा हं, सांगायला लागलीय ती!" म्हणाला, आणि पळाला.